वामन बोरस्ते यांचा मुलगा

माणसाची माहिती ही त्याची अब्रू असते आणि ती ज्याने त्याने प्राणपणाने जपली पाहिजे, असं माझं एके काळी ठाम मत होतं. त्या काळात माझ्याबद्दल कोणालाही काहीही जाणून घ्यायचं नव्हतं, ही गोष्ट अलाहिदा. नाही म्हणायला एका मिक्सरवाल्या कंपनीला जाणून घ्यायचं होतं.

"हे दत्तात्रय कोण?" नानांनी विचारलं.

नव्व्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला रविवार. नाशिकच्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माझे वडील जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि फ्रिजवर साठलेलं माझं टपाल त्यांनी खाली काढलं होतं. आदल्या संध्याकाळी ते कोपरगावहून आले होते. सकाळी आंघोळ, पूजा, चहा झाला, आणि मग काय करावं ते सुचेना तेव्हा त्यांनी चाळीस वर्षं केलं तेच केलं. पत्रं निवडली. नाना सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं नावच निवृत्ती असल्यामुळे समारंभात जो तो उठून तोच विनोद करत होता आणि नाना प्रत्येकाला पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले होते.

त्यांनी एकही पाकीट उघडलं नव्हतं. ते त्यांनी जन्मात केलं नसतं. पण पाकीट बंद असलं तरी पत्ता उघडा असतो आणि तो वाचण्यासाठीच असतो, असं ते म्हणत. पत्ते वाचून त्यांनी चार गठ्ठे केले होते. हेमंत वामन बोरस्ते. हेमंत दत्तात्रय बोरस्ते. हेमंत रघुनाथ बोरस्ते. हेमंत मनोहर बोरस्ते. चारही इसम माझ्याच पत्त्यावर राहत होते.

"कंपन्यांचं असतं हो काहीतरी," मी म्हणालो. "राहू द्या."

"भाडेकरू होते का आधी?"

"नाही, नाही."

नानांनी चारही गठ्ठ्यांना रबर लावलं आणि ते फ्रिजवर ओळीने ठेवून दिले. वामनचा गठ्ठा सगळ्यांत जाड होता. सांगायचं तर तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण मला वाटलं, सावकाश, नीट रंगवून सांगू. आठ दिवस तर आहेत.

भानगड अशी होती. मी एका सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होतो. लोकांच्या घरी कोंबड्या किती, विहिरी किती, शिवणयंत्रं किती याचे तक्ते माझ्या टेबलावर येत. त्या माहितीचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. काही होत नसे. ती कपाटात सुरक्षित राही. कंपन्यांचं तसं नव्हतं. कंपन्या वाचत. मिक्सर घेतला तेव्हा खोक्यात एक कार्ड निघालं. ते भरून पाठवलं की आपण कंपनीच्या कुटुंबात दाखल होणार होतो. कार्डावर बावीस प्रश्न होते. घरात माणसं किती, मिळकत किती, लग्नाचा वाढदिवस कधी, चहा कोणता पिता, येत्या वर्षात काय घ्यायचा विचार आहे. चटणी वाटायच्या यंत्राला माझ्या लग्नाच्या वाढदिवसाशी काय कर्तव्य, हे मला कळेना. शिवाय तो मला नव्हता. सदतिसावं वर्ष चालू होतं, दोन ठिकाणी जमत आलं होतं आणि दोन्ही ठिकाणी राहिलं होतं.

तेव्हा मी एक युक्ती काढली आणि तिचा मला फार अभिमान होता. प्रत्येक कंपनीला मी वेगळा बाप सांगायचा. मिक्सरसाठी वामन. इस्त्रीसाठी दत्तात्रय. टीव्ही ही मोठी वस्तू, तिला जरा वजनदार बाप हवा म्हणून रघुनाथ. पाण्याच्या फिल्टरला मनोहर. कोणाला कोण दिलाय याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. मग उद्या विमावाल्याचं पत्र 'हेमंत वामन' या नावाने आलं की समजायचं, मिक्सरवाल्याने आपल्याला विकलं.

आणि विकलं होतं. वामनच्या मुलाला विमावाले, प्लॉटवाले, एक वधूवर सूचक मंडळ आणि गुडघेदुखीवरचा एक वैद्य अशा सगळ्यांची पत्रं येत. चौघांत तोच लोकप्रिय होता. निवृत्तीच्या मुलाला महिन्याला एक पोस्टकार्ड येई, कोपरगावहून. त्यावर पोस्टाच्या शिस्तीप्रमाणे पूर्ण नाव असे आणि मागे हवापाणी असे.

शेवटच्या पोस्टकार्डात मात्र मजकूर वेगळा होता. 'शनिवारी येत आहे. आठ दिवस राहीन. पुढचे पुढे बघू.'

ते मी तीनदा वाचलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. नानांच्या बदल्या इतक्या झाल्या की स्वतःचं घर कधी झालंच नाही; निवृत्तीनंतर कोपरगावात होन नावाच्या गृहस्थांची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती आणि आई गेल्यावर ते तिथे एकटेच हाताने करून खात होते. वर्षभरात मी त्यांना 'इकडे या' असं म्हणालो नव्हतो आणि तेही 'येऊ का' म्हणाले नव्हते. आमच्या घरात असं कोणी म्हणत नसे. 'बघू' म्हणत. आईने साडीचं काढलं की नाना 'बघू' म्हणत, तो नकार असे. माझ्या कॉलेजच्या वेळी 'बघू' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फी भरून आले. तेव्हा हा 'बघू' कुठल्या जातीचा, यावर मी चार दिवस विचार केला. शेवटी ठरवलं की नाना माझ्याकडे कायमचं राहता येईल का, ते अजमावायला येताहेत. मी नवी गादी आणली. न्हाणीघरात जास्त उजेडाचा दिवा लावला. लिंबाचं लोणचं आणलं, कारण कैरीचं त्यांना चालत नसे. आणि त्यांनी राहावं, असं मला इतकं वाटत होतं की ते मला स्वतःलाही जरा लाजिरवाणंच वाटलं.

आठवडा बरा गेला. मी सकाळी कार्यालयात जाई आणि संध्याकाळी येई तेव्हा घरात दिवा लागलेला असे. सहा वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. पहिल्या दिवशी मला खालून वाटलं, मीच बंद करायला विसरलो. बुधवारपर्यंत नानांना जिन्यावरच्या सगळ्या लोकांची नावं, गावं आणि आजार माहीत झाले होते. त्या लोकांना माझ्याबद्दल फक्त एवढंच माहीत होतं की मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि त्याचीही त्यांना खात्री नव्हती.

आमच्या भागाचा पोस्टमन गांगुर्डे. त्याची आणि नानांची तर पहिल्याच दिवशी गट्टी जमली. साडेअकराला तो येई, नाना त्याला चहा करून देत, आणि मग कुठल्या सालचे शिक्के चांगले, हल्ली गोंद कसा असतो, कोणता साहेब कसा होता, असं चाले. तो नानांना 'साहेब' म्हणे. नानांनी त्याच्याकडे सहज चौकशी केली होती की पेन्शनचं खातं इकडे बदलून घ्यायला किती दिवस लागतात. हे त्यांनीच मला जेवताना सांगितलं, हल्ली काय पद्धत आहे ते कळावं म्हणून विचारलं म्हणाले. त्या दिवशी भात जरा जास्त खाल्ला.

गुरुवारी त्यांनी दाराजवळच्या भिंतीवर एक खिळा ठोकला आणि त्यावर टोपी अडकवली. आठ दिवसांसाठी कोणी खिळा ठोकत नाही, असा मी हिशेब केला.

शनिवारी मला सुट्टी होती. दुसरा शनिवार. साडेअकराला बेल वाजली.

"बोरस्तेसाहेब, मनीऑर्डर आहे," गांगुर्डे म्हणाला. "पंचाहत्तर रुपये."

ती मिक्सरवाल्यांची होती. मिक्सरच्या खोक्यावर एक चौकोन छापलेला होता. तो कापून, पावतीची नक्कल जोडून पाठवला तर पंचाहत्तर रुपये परत मिळणार होते. आठ महिने झाले, मी आशा सोडून दिली होती. कंपनीने मात्र शब्द पाळला होता आणि पैसे वामनच्या मुलाला पाठवले होते.

एरवी गांगुर्डेने नाव वाचलंही नसतं. नोटा हातात टेकवून, सही घेऊन तो जिना उतरला असता. पण आज मागे नाना उभे होते, आणि निवृत्त साहेबासमोर त्याला नियम आठवला. त्याने फॉर्म डोळ्यांजवळ धरला.

"नाव जरा वेगळं दिसतंय," तो म्हणाला. "साहेब, अशा वेळी काय करायचं?"

नानांनी चष्मा लावला, फॉर्म घेतला आणि वाचला. शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तो परत दिला.

"पैसे घेणारा माणूस हाच का, ते ओळखीच्या कोणीतरी सांगायचं," ते म्हणाले. "त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची."

"मग तुम्हीच सांगा की. तुमच्याइतकं ओळखीचं दुसरं कोण सापडायचं?"

मी म्हणू शकलो असतो की परत पाठवून द्या. पंचाहत्तर रुपयांनी माझं काही अडलं नव्हतं. पण परत का, तर नाव चुकीचं आहे. चुकीचं कसं, तर मीच दिलं. आणि मी का दिलं, हे उंबऱ्यात उभं राहून गांगुर्डेला सांगायचं म्हणजे मी घरात चार बाप बाळगून आहे हे सांगणं आलं. समोरच्या ब्लॉकचं दारही किलकिलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला ते पंचाहत्तर रुपये हवे होते. कंपनीकडून काहीतरी परत येतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मी पेन घेतलं आणि सही केली. हेमंत वामन बोरस्ते. अक्षर चांगलं आलं.

गांगुर्डेने फॉर्म नानांपुढे धरला. "हे वामन बोरस्ते यांचे चिरंजीव, हे आपणांस माहीत आहे ना साहेब?" त्याने विचारलं. थोडं गमतीनेच विचारलं, कोर्टात विचारतात तसं.

"माहीत आहे," नाना म्हणाले.

आणि त्यांनी सही केली. नि. के. बोरस्ते, सबपोस्टमास्तर, निवृत्त. खाली तारीख घातली. तारखेशिवाय सही म्हणजे अर्धी सही, हे त्यांचंच वाक्य.

गांगुर्डे चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, चला, वामनरावांच्या कृपेने सुटलं. नाना हसले. निवृत्तीच्या समारंभात हसले होते, तसंच.

जेवायला बसल्यावर मी सगळं सांगितलं. कपाटाचं दार उघडून यादी दाखवली. रंगवून सांगायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही, तक्ता वाचून दाखवल्यासारखं झालं. नानांनी मन लावून ऐकलं. टपालाच्या बाबतीत ते कोणाचंही मन लावून ऐकत.

"म्हणजे वामन कोणी नाही," ते म्हणाले.

"कोणी नाही."

"मग सापडला का कोणी? नाव विकणारा?"

"सापडला की. मिक्सरवाला. इस्त्रीवाल्यानेसुद्धा दोन ठिकाणी दिलंय."

"मग तू काय केलंस?"

मी थोडा विचार केला. "काही नाही. कळलं आपल्याला."

नानांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "माझं नाव कोणाला दिलंस?"

"तुमचं कोणालाच नाही," मी म्हणालो. हे ऐकून त्यांना बरं वाटेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती. "ते खरं आहे ना. म्हणून ते जपून ठेवलंय."

"जपून ठेवलंय," नाना म्हणाले. मग भात संपवला, ताटाभोवतीची शितं बोटाने टिपली. "आमच्याकडे अशी पत्रं असायची हेमंता. नीट बांधून, कपाटात. कोणी पोचवायचं नाही, पण फाडायचंही नाही. त्याला आम्ही पडून असलेलं टपाल म्हणायचो."

"नाना, तसं नाही ते."

"नसेल. मी आपलं पोस्टातलं सांगितलं."

"तुम्ही सही करायला नको होती."

"न करून कसं चालेल? पैसे तुझेच होते," ते म्हणाले. "आणि माणूसही तूच होतास. नाव तेवढं दुसऱ्याचं."

दुपारी त्यांनी धोतर वाळलं का पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली. उद्या सकाळच्या गाडीने निघतो म्हणाले. मी म्हणालो, इतक्यात? ते म्हणाले, आठ दिवस झाले की.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा टोपी त्यांच्या डोक्यावर होती आणि भिंतीवरचा खिळा खिडकीत काढून ठेवलेला होता. भोकात त्यांनी अंगाचा साबण भरून वरून बोट फिरवलं होतं. भाड्याच्या घरांत जन्म गेलेल्या माणसाची ती सवय. जागा होती तशी करून द्यायची. भोक कुठे होतं ते मला नंतर कधी सापडलं नाही.

बसस्थानकावर त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. गाडी सुटायला सात-आठ मिनिटं असतील. तेवढ्यात काहीही बोलता आलं असतं. मी पाण्याची बाटली दिली. पेपर हवा का विचारलं. शेवटी कंडक्टर चढला तेव्हा म्हणालो, "राहिला असता आणखी."

"बघू," नाना म्हणाले. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं जरा बाहेर काढलं. "मिक्सर चांगला आहे रे. आवाज कमी करतो."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम फिरत फिरत उशिरा घरी गेलो. खालून वर पाहिलं नाही.

नाना पुन्हा राहायला आले नाहीत. दिवाळीला मीच जात असे, दोन दिवस. पोस्टकार्डं पूर्वीसारखीच येत राहिली, महिन्याला एक, पूर्ण नावानिशी. हेमंत निवृत्ती बोरस्ते. अक्षरही तेच. पण आता मला वाटायचं, मधलं नाव ते मुद्दाम ठळक लिहितात. जुनी कार्डं काढून शेजारी ठेवून पाहिली. फरक नव्हता. तरी वाटायचंच.

कपाटाच्या दारावरची यादी मी फाडून टाकली. दोन हजार एक साली पंखा घेतला तेव्हा त्याच्या कार्डावर बावीसच्या बावीस उत्तरं खरी लिहिली. घरात माणसं, एक. लग्नाचा वाढदिवस, नाही. वडिलांचं नाव, निवृत्ती. दोन महिन्यांत इगतपुरीच्या एका प्लॉटवाल्याचं छापील पत्र आलं, हेमंत निवृत्ती बोरस्ते यांस. पंखेवाल्याने मला विकलं होतं. मला इतका आनंद झाला की ते पाकीट मी गांगुर्डेला दाखवलं. तो म्हणाला, हो, मीच आणलंय. नानांनाही मी तसं कळवलं, की तुमच्या नावाने पत्र आलं, हे असं असं. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं. कोपरगावात ऊन फार वाढलं होतं आणि गोदावरीला पाणी नव्हतं.

दोन हजार पाच साली नाना गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. दिवसवार झाल्यावर मी त्यांची खोली रिकामी करायला गेलो. सामान दोन पोत्यांत मावलं. घरमालक होन मदतीला आले होते. ऐंशीच्या घरातले, बोलघेवडे गृहस्थ. पोत्यांची तोंडं शिवून झाल्यावर आम्ही रिकाम्या खोलीत चहा प्यायलो, आणि सहा वर्षं कोणाला विचारली नव्हती ती गोष्ट मी त्यांना विचारली. नाना एकदा आठ दिवस माझ्याकडे येऊन राहिले होते आणि मग राहिले नाहीत, परत आले. आल्यावर काही बोलले होते का. माझ्याबद्दल. कुठल्या सहीबद्दल वगैरे.

"कधीची गोष्ट?" होनांनी विचारलं.

"नव्व्याण्णव. फेब्रुवारी."

त्यांनी कपाळाला हात लावून आठवलं. मग बशी खाली ठेवली.

"ते होय. या भिंतीला ओल आली होती," त्यांनी हाताने दाखवलं. "सगळा गिलावा काढून नवा करायचा होता. नानांना धूळ सोसायची नाही. मीच म्हणालो, आठ दिवस पोराकडे जाऊन या. ते तयारच नव्हते, म्हणाले त्याला एकटं राहायची सवय आहे, अडचण होईल. शेवटी मी म्हणालो, नाना, गवंडी सोमवारी येतोय, तुम्ही झोपणार कुठे? तेव्हा गेले."

मी भिंतीकडे पाहिलं. काम चांगलं झालं होतं.

"रविवारी दुपारी आले," होन म्हणाले. "तोवर चुना वाळला होता."